‘ग्राफिक टॅबलेट’ मागवला, आली पुसायची पाटी

चित्रकलेच्या फाउंडेशनच्या वर्गातल्या एका मुलीने लॅपटॉपला जोडायला छोटा ड्रॉइंग टॅबलेट, म्हणजे पेनने ओढलेली रेघ लॅपटॉपच्या पडद्यावर उमटवणारा पॅड, मागवला. खरेदीच्या ॲपवरच्या लिस्टिंगचं, म्हणजे विक्रीच्या पानाचं, नाव होतं ‘डिजिटल ग्राफिक ड्रॉइंग टॅबलेट, ८.५ इंच, पेनसह’. फोटोत लॅपटॉप, त्याच्या पडद्यावर रंगीत चित्र आणि पुढ्यात काळा पॅड. किंमत हजाराच्या आसपास. पार्सल उघडलं तर आत एलसीडी रायटिंग पॅड, म्हणजे लहान मुलं गिरवतात ती दोन-तीनशे रुपयांची पाटी. तिला यूएसबीची जागाच नव्हती. परत करायला गेल्यावर विक्रेता म्हणाला, वर्णनातलीच वस्तू पाठवली आहे, लॅपटॉपला जोडता येईल असं आम्ही कुठे लिहिलं होतं?

तसं खरंच लिहिलं नव्हतं, फक्त फोटोत दाखवलं होतं. अशा लिस्टिंग मोठ्या संख्येने आहेत आणि नव्याने शिकणारी मुलंच त्यांना सापडतात, म्हणून हा फरक नीट समजून घ्या.

पाटीत दाबाने रंग बदलणारा द्रव-स्फटिकाचा पातळ थर असतो. पेनच काय, नखाने दाबलं तरी रेघ उमटते. आतला बटण सेल फक्त पुसण्यासाठी असतो. रेघ कुठे ओढली हे पाटीला कळतच नाही, त्यामुळे लॅपटॉपला पाठवायला तिच्याकडे काही नसतं. आजच्या बहुतेक खऱ्या टॅबलेटच्या पृष्ठभागाखाली तारांच्या वेटोळ्यांची जाळी असते. तिच्या चुंबकीय क्षेत्रातून पेनमधल्या कॉइलला ऊर्जा मिळते, पेन उलट संकेत देतो आणि जागा व दाब दोन्ही मोजले जातात. म्हणून तो पेन बॅटरीशिवाय चालतो, आणि म्हणूनच एका कंपनीचा पेन सहसा दुसरीच्या टॅबलेटवर चालत नाही.

लिस्टिंगमध्ये ‘एका बटणात पुसा’, ‘डोळ्यांना त्रास नाही’, ‘लॉक की’, ‘सेल समाविष्ट’ असे शब्द दिसले की ती पाटीच. खऱ्या टॅबलेटच्या वर्णनात मॉडेल क्रमांक, काम करणाऱ्या भागाचं माप, दाबाच्या पातळ्या आणि विंडोज किंवा मॅकची कोणती आवृत्ती लागते हे असतंच. यातलं एकही नसेल तर पैसे भरू नका.

त्या मुलीचे पैसे परत मिळाले, कारण तिने लिस्टिंगचा लॅपटॉपसह फोटो असलेला स्क्रीनशॉट ठेवला होता. ग्राहक संरक्षणाच्या २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष, बनावट किंवा जाहिरातीतल्या गुणधर्मांशी न जुळणारी वस्तू परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. तक्रारीत ‘वस्तू आवडली नाही’ हा पर्याय निवडू नका, ‘जाहिरातीपेक्षा वेगळी वस्तू’ हाच निवडा. पहिल्या पर्यायावर नकार मिळणं सोपं असतं. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ॲपच्या बाहेर यूपीआयने पैसे दिले आणि विक्रेता गायब झाला, तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०. स्क्रीनशॉट मात्र ऑर्डर देण्याआधीच काढायचा, कारण तक्रार झाली की लिस्टिंग बदलते.

दुसरी फसवणूक खऱ्या टॅबलेटमध्येच होते, आणि ती मापात असते. बाहेरचं माप मोठ्या अक्षरात, काम करणारा भाग कुठेतरी खाली. वॅकॉम कंपनीच्या सीटीएल-४७२ या मॉडेलचा काम करणारा भाग १५२ × ९५ मिमी आहे, ह्युऑन कंपनीच्या एच६४०पीचा साधारण १६० × १०० मिमी. १४-१५ इंची लॅपटॉपला एवढा भाग पुरतो. ४ × ३ इंची टॅबलेट स्वस्त दिसतात, पण १६:९च्या पडद्याशी प्रमाण जुळवलं की उंची २.२५ इंचच उरते, म्हणजे पाव भाग वाया. प्रमाण न जुळवता वापरला तर वर्तुळ काढताना लंबगोल उमटतं आणि हाताला चुकीची सवय लागते. ते आणखी वाईट.

नावातही घोळ आहे. ‘वन बाय वॅकॉम’ हा बिनपडद्याचा टॅबलेट, तर ‘वॅकॉम वन’ या नावाने पडद्याचेही आले. वॅकॉमचाच सीटीएल-४१०० तारेचा, सीटीएल-४१००डब्ल्यूएल ब्लूटूथचा. नावावर जाऊ नका, खोक्यावरचा आणि टॅबलेटच्या पाठीवरचा क्रमांक जुळतो का ते बघा.

जुना टॅबलेट घेताना सगळं लक्ष पेनवर हवं. ‘पेन हरवलाय, पण कुठलाही चालतो’ असं कोणी म्हणालं तर व्यवहार सोडा. सीटीएल-४७२चा पेन एलपी-१९०के, सीटीएल-४१००चा एलपी-११००के. जोड्या ठरलेल्या आहेत, आणि वेगळा घेतलेला पेन सगळी बचत खाऊन टाकतो. चार्ज होणाऱ्या पेनचे जुने टॅबलेटही टाळा. पेनची बॅटरी गेली की टॅबलेट पडून राहतो.

पैसे देण्याआधी स्वतःच्या लॅपटॉपवर कंपनीच्याच संकेतस्थळावरून ड्रायव्हर (टॅबलेट चालवणारं सॉफ्टवेअर) घाला आणि क्रिता या मोफत मिळणाऱ्या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये तपासा. पेन पृष्ठभागापासून अर्धा सेंटिमीटर वर धरून फिरवा. कर्सर हलला पाहिजे, रेघ उमटता कामा नये. उमटली तर दाबाचा सेन्सर गेलाय. पेन टोकावर पडला की असं होऊ शकतं. मग पट्टी तिरकी ठेवून अगदी सावकाश रेघ ओढा. ती थरथरली तर चार्जर काढून पुन्हा ओढा. अर्थिंग नसलेल्या चार्जरमुळेही रेघ थरथरते, तेव्हा टॅबलेटला विनाकारण दोष नको. चारही कडांपर्यंत जा. केबल तोंडाशी हळूच हलवून बघा. सैल झालेल्या पोर्टमुळे कर्सर मध्येच नाहीसा होतो, आणि ती दुरुस्ती सोपी नाही.

खोटं लेबल चिकटवल्याचा संशय असेल तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘ह्यूमन इंटरफेस डिव्हाइसेस’खाली टॅबलेटच्या प्रॉपर्टीज उघडा आणि डिटेल्समध्ये हार्डवेअर आयडी बघा. ‘व्हीआयडी’ म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक. त्यानंतर वॅकॉमचा ०५६ए असतो, ह्युऑनच्या आजच्या मॉडेलांचा २५६सी, एक्सपी-पेनचा २८बीडी. वर वॅकॉमचं नाव आणि आत दुसराच क्रमांक असेल, तर पैसे खिशातच ठेवा.