सात महिने स्टार ट्रॅकर वापरल्यावर

दिवाळीत 18 हजारांना सेकंडहँड स्टार ट्रॅकर घेतला, म्हणजे ताऱ्यांचे फोटो काढताना कॅमेरा आभाळासोबत फिरवणारं यंत्र. आता रोहिण्या लागल्यात, म्हणजे तो चार महिने कपाटातच राहणार. त्याआधी लिहून टाकतो.

आमचं घर अंबाजोगाईत. परसात न्हाणी, धुण्याचा दगड आणि उरलेल्या जागेत ट्रायपॉड. आभाळ तासाला 15 अंश सरकतं. त्यामुळं क्रॉप सेन्सरच्या (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्याला 135 एमएमची, लांबचं जवळ आणणारी लेन्स लावली की नुसत्या ट्रायपॉडवर शटर दोन-अडीच सेकंद उघडं ठेवलं तरी तारे लांबट व्हायचे. ट्रॅकर कॅमेऱ्याला आभाळाच्याच वेगानं फिरवतो. आता 60 सेकंदांतही तारा ठिपक्यासारखा येतो.

पण आधी ट्रॅकरचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो, आणि रड तिथंच आहे. आपल्याकडं ध्रुवतारा जेमतेम एकोणीस अंशांवर, हात लांब केला तर दोन मुठींच्या आत. आमच्या परसातून म्हणजे थेट शेजारच्या कडुनिंबात! पहिले दोन महिने मोबाईलच्या होकायंत्रावर भागवलं, निम्मे फोटो फुकट गेले. मग न्हाणीच्या भिंतीला चिकटून दोन फांद्यांमधली फट सापडली. तिथं गुडघे टेकून, मान वाकडी करून बघावं लागतं. आजी खिडकीतून म्हणाली, "काय हुडकायलास रे अंधारात?" आता ट्रायपॉडच्या पायांच्या जागी फरशीवर ऑइलपेंटचे तीन ठिपके दिलेत.

ध्रुव खाली असल्याचा आणखी एक ताप म्हणजे कॅमेऱ्याचा तोल सांभाळणारा वजनाचा दांडा फिरता फिरता ट्रायपॉडच्या पायाला अडतो. जानेवारीत मृगाचा तेजोमेघ घेताना मी आत चहाला गेलो आणि पुढचे सगळे फोटो रेघोट्या.

पण ध्रुव इतका खाली आहे म्हणूनच दक्षिणेचं आभाळ आपल्याला भरपूर मिळतं. एप्रिलमध्ये मध्यरात्रीच्या सुमारास नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा गुच्छ घेतला. लंडनहून तो क्षितिजावर येतच नाही, आमच्याकडं न्हाणीच्या पत्र्यावर चांगला वर होता. 40 फोटो सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक रचले, तर ताटात रवा सांडावा तसे तारे. त्या एका फोटोत पैसे वसूल झाले.

उजेडाचं मात्र ट्रॅकर काही करत नाही. गल्लीतले पांढरे एलईडी गच्च उजेड पाडतात. लाईट गेली की अख्खी गल्ली वैतागते, मी कॅमेरा घेऊन पळतो. दिव्यांचा उजेड अडवायला लेन्सचा चार हजारांचा फिल्टरही घेऊन बसलो होतो. सोडियमच्या पिवळ्या दिव्यांचा उजेड ठरावीक रंगांत असतो, तो फिल्टरला अडवता येतो. एलईडीचा सगळ्या रंगांत पसरतो. फिल्टर विकायचाय, कुणाच्या गल्लीत पिवळे दिवे उरले असतील तर सांगा.