बंडलर आणि डॉटएन्व्ह : एक काटेकोर, दुसरे सैल

रूबी या प्रोग्रामिंग भाषेतील वेब अ‍ॅप्लिकेशनसोबत दोन साधने हमखास येतात : जेम्सच्या (रूबीच्या तयार कोड-पॅकेजेसच्या) आवृत्त्या सांभाळणारे बंडलर आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स (कोडबाहेर ठेवलेल्या सेटिंग्ज) फाइलमधून भरणारे डॉटएन्व्ह. दोन्ही शिकायला सोपी आहेत. मात्र चूक वेळीच उघड करण्याच्या बाबतीत त्यांच्यात फार अंतर आहे, आणि माझ्या दृष्टीने हीच खरी कसोटी आहे.

बंडलर २०१८ साली आलेल्या रूबी २.६ पासून भाषेसोबतच मिळते. जेमफाइलमध्ये आपण आवृत्तीची मर्यादा लिहितो, तर प्रत्यक्ष निवडलेली नेमकी आवृत्ती, इतर जेम्सच्या गरजेपोटी आडवाटेने आलेल्या जेम्ससह, लॉकफाइलमध्ये नोंदली जाते. लॉकफाइल बदलू न देणारी फ्रोझन सेटिंग चालू असेल आणि या दोन फाइलींत विसंगती असेल, तर इन्स्टॉलेशन तिथेच थांबते. हा कडकपणा मला मनापासून आवडतो. मॅकवर तयार झालेल्या लॉकफाइलमध्ये लिनक्सची नोंद नसल्यास डिप्लॉयमेंट (सर्व्हरवर कोड चढवणे) अडू शकते, म्हणून ते प्लॅटफॉर्म आधीच जोडून ठेवावे.

डॉटएन्व्ह सर्व्हरवर आधीच ठरवलेली व्हेरिएबलची किंमत (व्हॅल्यू) स्वतःहून बदलत नाही, हा त्याचा अत्यंत समंजस निर्णय आहे. परंतु एखादे व्हेरिएबल फाइलमध्ये लिहायचेच राहिले, तर ते काहीच बोलत नाही. कोडला निल (म्हणजे ‘काहीच नाही’) मिळते आणि बिघाड भलत्याच ठिकाणी, कदाचित पहिला ईमेल पाठवताना, समोर येतो. आवश्यक नावे तपासणारी रिक्वायर-कीज ही सोय त्यात आहे, पण ती ऐच्छिक असल्याने अनेक प्रकल्पांत वापरलीच जात नाही. निदान किंमत वाचताना फेच ही रूबीची मेथड वापरावी, म्हणजे नाव नसल्यास त्याच क्षणी की-एरर ही त्रुटी येते. शिवाय प्रत्येक किंमत स्ट्रिंगच (मजकूरच) असते, त्यामुळे फाइलमध्ये ‘फॉल्स’ लिहिले तरी रूबीच्या अटीत ते खरेच ठरते आणि बंद केलेली सुविधा चालू राहते. हा दोष डॉटएन्व्हचा नाही, तरी त्याच्या वापरकर्त्यांना तो वारंवार भोवतो. लोड होतानाच व्हेरिएबल्स वाचणारे जेम्स असतील, तर जेमफाइलमध्ये डॉटएन्व्ह त्यांच्या वर ठेवून लगेच लोड करावे.

बंडलर मी निःशंकपणे सुचवेन. डॉटएन्व्ह डेव्हलपमेंट आणि टेस्टपुरते उत्तम आहे. प्रॉडक्शनमधील गुपिते होस्टिंगच्या सेटिंगमध्ये किंवा रेल्स या रूबी फ्रेमवर्कच्या ५.२ आवृत्तीपासूनच्या एन्क्रिप्टेड क्रेडेन्शियल्समध्ये ठेवावीत, आणि गिटमध्ये (कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) फक्त व्हेरिएबल्सची नावे असलेली नमुना फाइल जावी.