समुद्र खरा, घर खोटं

ग्रीसला घरच्या सगळ्यांना घेऊन जायचं ठरवत असाल आणि घर थेट मालकाकडून घेऊन चार पैसे वाचवायचा विचार असेल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. आमचे दोन हजारांहून जास्त युरो गेले, म्हणजे दोन लाखांच्या वर रुपये. शिवाय घरातल्या सगळ्यांच्या पासपोर्टच्या प्रती कुणा अनोळखी माणसाकडे आहेत, त्या परत मागायची सोयच नाही.

आम्ही जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहतो. सासू-सासरे २०२५ च्या उन्हाळ्यात गुहागरहून इकडे येणार होते आणि मुलांना जूनमध्ये पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाची दोन आठवडे सुट्टी असते. सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे घर तळमजल्यावर हवं, समुद्र चालत जाण्याइतका जवळ हवा आणि स्वयंपाकघर हवं. जन्म कोकणात गेलेल्या माणसांना समुद्राचं अप्रूप नसतं, पण "पाण्यात पाय दिसले पाहिजेत" ही आईंची अट होती. इथून थेसालोनिकीला थेट विमान मिळतं, आणि तिथून गाडीने दीड-दोन तासांत खाल्कीदिकी. नकाशात हा भाग समुद्रात पसरलेल्या तीन बोटांसारखा दिसतो. पहिलं बोट कसांद्रा, दुसरं सिथोनिया, तिसरं आथोस. तिसऱ्याचा बराचसा भाग मठांचा आहे आणि तिथे बायकांना प्रवेशच नाही. आम्ही कसांद्रा धरलं. हानिओटी, पेफ्कोहोरी, पोलिख्रोनो अशी ओळीने गावं, पाइनची झाडं वाळूपर्यंत आलेली.

फेब्रुवारीत एक वेबसाइट सापडली. तीन खोल्यांचं बैठं घर, निळ्या झडपांच्या खिडक्या, पुढे बाग, समुद्र पावलांवर. भाडं आजूबाजूच्या घरांपेक्षा थोडंच कमी, म्हणजे संशय यावा इतकं स्वस्त नव्हतं. पानाच्या वरच्या कोपऱ्यात ब्लू फ्लॅगचं चिन्ह आणि खाली "ब्लू फ्लॅग २०२५, खासगी किनारा".

या एका ओळीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण ती वाचूनच माणूस निर्धास्त होतो. ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ किनाऱ्यांचं मानांकन, हा उपक्रम १९८५ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झाला आणि आता तो एफईई (फाउंडेशन फॉर एन्व्हायर्नमेंटल एज्युकेशन) ही संस्था चालवते. किनाऱ्याला हा झेंडा एका हंगामापुरता मिळतो, आणि त्यासाठी पाण्याची चाचणी, जीवरक्षक, कचऱ्याची व्यवस्था असे बरेच निकष पाळावे लागतात. ग्रीसमध्ये सहाशेहून जास्त किनाऱ्यांवर तो आहे आणि त्यात खाल्कीदिकीचा वाटा मोठा आहे. पण हा झेंडा मिळतो किनाऱ्याला, मरीनाला (छोट्या बोटींच्या बंदराला) आणि सहलीच्या बोटींना. घराला किंवा हॉटेलला तो मिळत नाही. हॉटेलांसाठी त्याच संस्थेचं 'ग्रीन की' नावाचं वेगळं प्रमाणपत्र आहे. शिवाय ग्रीसमध्ये त्या वर्षीची यादी मे महिन्याच्या आसपास जाहीर होते. मग फेब्रुवारीत २०२५ चा झेंडा आला कुठून? आणि 'खासगी किनारा' तर ग्रीसमध्ये नसतोच. समुद्रकाठ कायद्याने सार्वजनिक आहे. हॉटेलवाले, कॅफेवाले खुर्च्या आणि छत्र्यांसाठी सरकारकडून जागेचा तुकडा भाड्याने घेतात, इतकंच. २०२३ मध्ये पारोस बेटावर लोक टॉवेल घेऊन किनाऱ्यावर निदर्शनांना उतरले ते या खुर्च्यांच्या अतिक्रमणाविरुद्धच. त्यानंतर २०२४ च्या कायद्यात पाण्यापासून चार मीटरची पट्टी मोकळी ठेवायचं बंधन आलं, आणि तक्रारीसाठी 'मायकोस्ट' नावाचं सरकारी ॲपही निघालं. तेव्हा कुणी तुम्हाला घरासोबत स्वतःचा किनारा देऊ करत असेल, तर तो जे विकतोय ते त्याचं नाहीच.

आम्ही सगळे मिळून किनारा तपासत बसलो होतो. फोटो, नकाशा, पाण्याचे अहवाल. ते सगळं खरंच निघालं, कारण समुद्र खराच आहे. अशा भामट्यांची हीच हातोटी असते. जे तुम्ही पडताळून पाहाल ते सगळं ते खरं ठेवतात, आणि खोटं फक्त पैशाच्या वाटेवर पेरतात.

व्हॉट्सॲपवरचा माणूस अतिशय गोड. नंबर ग्रीसचाच, +३० ने सुरू होणारा. मी विचारलं, आमच्याकडे रोज वरण-भात लागतो, कुकर आहे का? दहा मिनिटांत ओट्यावरच्या कुकरचा फोटो आला. लांब दांड्याचा स्टीलचा कुकर, खाली गॅसची शेगडी. "आधी एक भारतीय कुटुंब येऊन गेलं, ते ठेवून गेले," असं वर म्हणाला. सासऱ्यांना त्याने बोलता बोलता सांगितलं, की तुमच्यासाठी बाथरूममध्ये धरायला दांडी लावून घेतो. बाबा खूश. इतकी आस्था पैसे घेणारा हॉटेलवालाही दाखवत नाही.

मग करारपत्र आलं आणि बिल आलं. बिलात भाड्याखाली 'क्लायमेट रेझिलियन्स फी' अशी वेगळी ओळ होती, रात्रीला १५ युरो. हा कर खरा आहे. २०२४ पासून ग्रीसमध्ये मुक्कामावर तो लागतो, आणि ८० चौरस मीटरपेक्षा मोठ्या स्वतंत्र घरासाठी २०२५ च्या उन्हाळ्यात दर नेमका १५ युरोच होता. आम्ही दर शोधून पाहिला, जुळला, आणि बिलावरचा विश्वास बसला. पण खरा मालक हा कर तुम्ही तिथे राहायला गेल्यावर घेतो, वेगळ्या पावतीवर. महिनोन् महिने आधी परदेशी खात्यावर मागत नाही.

पैशाचं असं होतं: कार्डाने भरलं तर यंत्राचा खर्च जास्त, बँकेतून थेट पाठवले तर दहा टक्के सूट. खात्याचा आयबॅन, म्हणजे युरोपातला बँक खात्याचा क्रमांक, एलटीने सुरू होणारा, म्हणजे लिथुआनियाचा. विचारलं तर उत्तर तयार. बहीण तिथे राजधानीत, विल्न्युसला असते, हिशेब ती बघते. लिथुआनियाचं खातं असणं हा काही गुन्हा नाही, कितीतरी ऑनलाइन बँका तिथल्या आहेत. पण ग्रीसमधलं घर, ग्रीसमधला मालक, ग्रीसमधला कर आणि पैसे तेवढे तिसऱ्या देशात, हा मेळ बसत नाही. ग्रीसचा आयबॅन जीआरने सुरू होतो आणि एकूण २७ अक्षरांचा असतो.

जूनमध्ये थेसालोनिकीला उतरलो, गाडी घेतली. नेआ पोतिदेआचा कालव्यावरचा पूल ओलांडला की कसांद्रा लागतं. पत्ता बरोबर निघाला. घरही तेच होतं, फक्त खिडक्यांच्या झडपा निळ्या नव्हत्या, हिरव्या होत्या. चावीच्या पेटीचा कोड देणार होते, तर भिंतीवर पेटीच नाही. आत सर्बियातलं एक कुटुंब जेवायला बसलेलं. मी त्या माणसाला मेसेज केला. उत्तर आलं, सफाई चालू आहे, जरा थांबा, आणि कोड मिळण्यासाठी तीनशे युरो अनामत आत्ता पाठवा. म्हणजे दारात उभं असताना, म्हातारी माणसं गाडीत उन्हात बसलेली असताना, पुन्हा खिसा कापायचा प्रयत्न. पाठवणार नाही म्हटल्यावर नंबर ब्लॉक.

शेजारच्या घरातून एक बाई पाइप हातात घेऊन आली. घराची खरी मालकीण तीच. तरुणपणी काही वर्षं जर्मनीत कारखान्यात काम केल्यामुळे जर्मन चांगलं बोलत होती. आमच्या मोबाइलवरचे फोटो पाहून म्हणाली, "हे माझेच आहेत, पण जुने. झडपा रंगवून दोन वर्षं झाली." कुकरचा फोटो तिने बराच वेळ पाहिला. तिच्या घरात गॅस नाहीच, विजेच्या शेगड्या आहेत. तिने आधी सगळ्यांना पाणी दिलं, आईंना खुर्ची दिली, आणि मग आमचं बिल मागून घेतलं.

पुढची दहा मिनिटं मला फार शिकवून गेली. तिने बिलावर बोट ठेवलं ते करक्रमांकावर. आधी जीआर आणि मग आकडे. ग्रीसच्या व्हॅट क्रमांकापुढे जीआर लागत नाही, ईएल लागतं, आणि पुढे नऊ आकडे असतात. बँकेच्या खात्यावर जीआर, करावर ईएल. बाहेरच्या भामट्याला हा फरक ठाऊक नसतो. युरोपियन युनियनच्या व्हिएस (VIES) या फुकट सरकारी साइटवर तो क्रमांक टाकला की व्हॅटसाठी नोंदलेला आहे की नाही ते लगेच कळतं. मग करारावरची सही. नाव पुरुषाचं, आडनाव बाईचं. ग्रीकमध्ये बाप पापादोपुलोस असेल तर लेक पापादोपुलू असते, आणि इथे बाप्या माणसाच्या नावापुढे लेकीचं आडनाव लावलेलं. आणि शेवटचं म्हणजे, तिच्या स्वतःच्या जाहिरातीत एक 'आमा' क्रमांक छापलेला होता, आमच्या कागदांवर तो कुठेच नव्हता. ग्रीसमध्ये थोड्या दिवसांसाठी घर भाड्याने द्यायचं तर ते तिथल्या महसूल खात्याकडे नोंदवावं लागतं, आणि तिथे मिळालेला हा क्रमांक प्रत्येक जाहिरातीत दाखवणं बंधनकारक आहे. चोर हा क्रमांकही उचलून लावू शकतो, म्हणून नुसता आहे का ते बघून भागत नाही. मोठ्या साइटवर त्याच घराची जाहिरात शोधायची आणि दोन्हीकडचा क्रमांक, मालकाचं नाव आणि फोटो ताडून बघायचे.

वेबसाइट किती जुनी आहे हे 'हूइज' (WHOIS) या वेबसाइटच्या नावांच्या नोंदवहीत बघता येतं. आम्हाला फसवणारी साइट नोंदवून दोन-तीन महिनेच झाले होते, आणि तिच्यावर २०१९ सालचे अभिप्राय होते.

त्या बाईने फोन फिरवून मागच्या गल्लीत तिच्या चुलतभावाकडच्या दोन खोल्या मिळवून दिल्या. समुद्र खरोखर तसाच निघाला, आईंना गुडघाभर पाण्यात पाय दिसले. तळाला बारीक खडी आहे, रबरी चपला न्या. पण ती सुट्टी कशी गेली ते आता सांगत बसत नाही.

पोलिसांत तक्रार लगेच करा, भाषा येत नसली तरी. ग्रीसमध्ये पर्यटक पोलिसांचा नंबर १५७१ आहे आणि सायबर गुन्ह्यांसाठी ११८८८ नाही, १११८८. घाईत मीही आधी चुकीचा फिरवला होता.