हेलडायव्हर्स २: आठ महिने खेळल्यावर, आणि त्या लाल पट्टीबद्दल

हा गेम गेल्या गणपतीत स्टीमवर, म्हणजे पीसी गेमांच्या ऑनलाइन दुकानात, घेतला. आम्ही चौघं खेळतो: मी मालवणात, दोघं कुडाळला, एक पुण्यात. ग्रहावर उतरायचं, काम उरकायचं आणि न्यायला यान येईपर्यंत तग धरायचा. आपल्याच गड्याची गोळी आपल्याला लागते, म्हणून सतत बोलत राहावं लागतं. मोठी मोहीम ४० मिनिटांची. लाईट गेली की राउटर इन्व्हर्टरवर चालतो, पण माझ्या लॅपटॉपची बॅटरीही जेमतेम तेवढीच टिकते. शेवटची पाच मिनिटं स्क्रीन अगदी मंद करून खेळलोय. मजा आली.

घेण्याआधी मात्र बिचकलो होतो. रिव्ह्यूंच्या आलेखात मे २०२४ वर लालच लाल. दोन लाखांवर नापसंती, अवघ्या काही दिवसांत! बसून वाचल्या. पीसीवाल्यांनाही प्लेस्टेशनचं (सोनीच्याच गेमयंत्राचं) खातं जोडणं सक्तीचं करू, असं गेम प्रकाशित करणाऱ्या सोनीने जाहीर केलं होतं. अट दुकानाच्या पानावर आधीपासून होती, पण सुरुवातीच्या तांत्रिक अडचणींमुळे लागू केली नव्हती. आणि लॅटव्हिया, लिथुआनियासारख्या कितीतरी देशांत तसं खातं काढायची सोयच नव्हती, तरी गेम तिथे विकला गेला होता. ६ मे रोजी सोनीने निर्णय मागे घेतला आणि अनेकांनी आपली नापसंती बदलून पसंती केली. पैसे मोजून घेतलेली वस्तू हातातून जाणार असेल, तर ओरडायचं नाही तर काय करायचं? ही टीकाच आहे, रास्त टीका.

पण झुंडीचं प्रत्येक मत मी असं मानत नाही. एप्रिल २०१९ मध्ये बॉर्डरलँड्स या गेमचा तिसरा भाग आधी स्टीमच्या स्पर्धक एपिकच्या दुकानात येणार म्हटल्यावर लोकांनी राग काढला स्टीमवरच्या जुन्या भागांवर. त्या गेमांत काय बिघडलं होतं? स्टीमने ते रिव्ह्यू विषयाबाहेरचे ठरवून गुणांतून वगळले. पुसले नाहीत, हे मला पटतं.

हे मला जवळून कळतं, कारण आमच्या आत्याची खानावळ आहे. गेल्या जुलैत एका कुटुंबाने एक तारा दिला: ‘ताजी सुरमई मिळाली नाही.’ मासेमारी १ जूनपासून बंद असते. आत्याने त्यांना सुक्या बांगड्याचं तिखलं, सोलकढी करून वाढली होती, त्याबद्दल एक अक्षर नाही. दोन दिवस ती फोन उघडून तेच वाचत होती.

गेम जरूर घ्या. लाल दिसलं तर आधी तारीख बघा, लिहिणारा किती तास खेळलाय ते बघा, मग मजकूर वाचा. आत्याच्या त्या ताऱ्याखाली मी उत्तर लिहिलंय: बंदी ३१ जुलैला संपते, नारळी पौर्णिमेनंतर या, सुरमई नक्की मिळेल.