एलएमजीला (लाइट मशीनगनला) ड्रम बरा की बेल्ट?

ड्रम, म्हणजे गोळ्यांचा गोल डबा, दिसायला भारी असतो हे मान्य, पण रोजच्या वापरात माझं मत बेल्टकडेच, म्हणजे एकमेकींना जोडलेल्या गोळ्यांच्या पट्ट्याकडेच झुकतं. आरपीके या सोव्हिएत एलएमजीचा ७५ राउंडचा (गोळ्यांचा) ड्रम घ्या, एकदा लावला की साध्या ४० च्या मॅगझिनपेक्षा जवळपास दुप्पट फायर मिळतो आणि बदलायलाही सोपा, मॅगझिनसारखाच खटकन बसतो. पण रिकामा झाला की खरी कटकट, एकेक गोळी भरत बसा, आत स्प्रिंग आणि फिरणारे पार्ट असल्यामुळे धूळ गेली किंवा तो आपटला की अडकायची भीती, शिवाय गोल डबा पाऊचमध्ये नीट मावत नाही आणि चालताना खडखडतो तो वेगळाच.

बेल्टमध्ये एम२४९ या अमेरिकन एलएमजीला २०० राउंड सलग चालतात, फीडिंगचं काम गन स्वतः करते, डबा नुसता डबा. रीलोडला मात्र कव्हर उघडून बेल्ट बसवावा लागतो, धावपळीत हे जड जातं. आणि हो, आरपीडी या जुन्या सोव्हिएत एलएमजीखाली लटकतो तो ड्रम बघून फसू नका, त्यात १०० राउंडचा बेल्टच गुंडाळलेला असतो!