साथीच्या काळात फोनवरून रुग्णांना मदत: विद्यार्थ्याने कोणतं काम घ्यावं?

साथ पसरली की वैद्यकीय विद्यार्थ्यांना आधी वॉर्डाबाहेर काढतात, आणि माणसं अपुरी पडू लागली की पुन्हा त्यांचीच आठवण होते. 17 मार्च 2020 ला अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने विद्यार्थ्यांचा रुग्णांशी थेट संपर्क थांबवा असं सुचवलं. भारतात 3 मे 2021 ला, कोविडची दुसरी लाट ऐन भरात असताना, फायनल इयरच्या एमबीबीएस विद्यार्थ्यांना अध्यापकांच्या देखरेखीखाली सौम्य रुग्णांच्या टेलिकन्सल्टेशनला (फोनवरून सल्ल्याच्या कामाला) लावायचं ठरलं. 1952 च्या पोलिओच्या साथीत कोपनहेगनमध्ये सुमारे 1500 विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, हाताने हवेची पिशवी दाबत, रुग्णांचा श्वास चालू ठेवला होता. तिथे काम एकच होतं आणि रुग्ण समोर होता. फोनवरच्या मदतीत मात्र चार-पाच अगदी निराळी कामं येतात, आणि नाव नोंदवण्याच्या फॉर्मवर ती सगळी सारखीच दिसतात.

बहुतेक जण निवड करताना विचारतात, 'मला एवढं येतं का?' माझ्या मते आधी विचारायला हवं ते दुसरंच: मी अडकलो तर किती मिनिटांत कोण फोन उचलेल? खालची सगळी तुलना मी याच कसोटीवर केली आहे.

हेल्पलाइन की रोजचा फॉलोअप?

खरी ओढाताण या दोन कामांत असते. हेल्पलाइनला वलय आहे. फोन सतत वाजतो, आपण काहीतरी करतोय असं वाटतं. फॉलोअप त्यामानाने कंटाळवाणा. घरीच विलगीकरणात असलेल्या ठरावीक रुग्णांची यादी हातात मिळते, आणि त्यांना रोज तेच प्रश्न विचारायचे: ताप किती, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) किती, जेवण जातंय का, लघवी नीट होतेय का.

पण हेल्पलाइनवर समोरचा माणूस पूर्णपणे अनोळखी असतो. त्याचा कालचा आवाज तुम्ही ऐकलेला नसतो, आणि उद्या त्याचं काय झालं हेही कळत नाही. निम्मे प्रश्न वैद्यकीय नसतातच. तपासणी कुठे होते, विलगीकरण किती दिवसांचं, खाट मिळेल का, असं सगळं. खाट नाही हे तुमच्या तोंडून ऐकावं लागलं की राग तुमच्यावर निघतो, आणि तो साहजिकही असतो. उरलेल्या निम्म्यांत एखादा खरोखर गंभीर रुग्ण असतो, आणि त्याला दोन-तीन मिनिटांत ओळखायचं असतं. हे काम अनुभवी माणसाचं आहे. तरीही नवख्यांना तिथे बसवतात, कारण हातात प्रश्नावली दिली की काम भागतं असा समज आहे.

फॉलोअपमध्ये कालचा आकडा तुमच्याकडे असतो, आणि निम्मं निदान तिथेच होतं. कोविडमध्ये तब्येत बिघडायची ती बहुधा लक्षणं सुरू झाल्यावर पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास. म्हणजे सहाव्या दिवशी 'एकदम मस्त आहे' म्हणणाऱ्या रुग्णाला सातव्या दिवशी फोन करायचाच असतो. त्यातून ऑक्सिजन कमी होऊनही धाप न लागणारे रुग्ण असतात. ते सहज गप्पा मारतात आणि ऑक्सिमीटर 88 दाखवत असतो.

आकडाही डोळे झाकून लिहून घेऊ नये. ऑक्सिमीटर उलटा धरला की 98 चा 86 दिसतो. बटणाची बाजू कुठे आहे ते विचारलं की घबराट तिथेच थांबते. पुष्कळ जण नाडीचा आकडाच ऑक्सिजन म्हणून वाचतात. नेलपॉलिश आणि गार पडलेली बोटं यांनीही घोळ होतो. डिसेंबर 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये ऑक्सिमीटरला न दिसलेली ऑक्सिजनची कमतरता गोऱ्या रुग्णांच्या जवळपास तिप्पट आढळली. त्यामुळे सुटा आकडा बघण्यापेक्षा त्याचा उतार बघायचा: परवा 97, काल 96, आज 94. सोबत आवाज ऐकायचा. रुग्ण एक वाक्य एका दमात पुरं करतोय की मध्ये श्वास घेतोय? कालपर्यंत स्वतः बोलणारा आज फोन बायकोकडे देतोय का? हे कान तयार होणं हाच या कामातला मोठा लाभ आहे, आणि तो हेल्पलाइनवर मिळत नाही.

दोन्हीकडे एक मोह सारखाच असतो: 'एवढी गोळी सांगितली तर काय बिघडलं?' बिघडतं. भारतातल्या 25 मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार दूरस्थ सल्ला देण्याचा अधिकार नोंदणीकृत डॉक्टरलाच आहे. विद्यार्थ्याचं काम विचारणं, नोंदवणं, समजावणं आणि वर कळवणं. यामागे निव्वळ कायदा नाही. जून 2020 मध्ये डेक्सामेथासोन या स्टेरॉइडच्या चाचणीचे निकाल आले. ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णांचे मृत्यू त्याने कमी झाले, पण ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना फायदा दिसला नाही. अपाय होण्याची शक्यता मात्र राहिली. तरी 'स्टेरॉइड आत्ताच सुरू करू का?' असं फोनवर विचारणारे नातेवाईक भेटतातच. 'मी डॉक्टरांना विचारून कळवतो' हे वाक्य निर्लज्जपणे वापरायला शिकावं लागतं.

नातेवाईकांना खबर की एकट्या माणसाशी गप्पा?

ही दोन्ही कामं बोलण्याची, म्हणून एकाच खान्यात टाकली जातात. त्यांच्यातलं अंतर प्रचंड आहे.

भरती झालेल्या रुग्णाच्या घरी रोज ठरल्या वेळी फोन करणं हे रेसिडेंटच्या (वॉर्डातल्या निवासी डॉक्टरच्या) डोक्यावरचं मोठं ओझं उतरवणारं काम आहे. भेटायला बंदी असताना घरच्यांना तो एक फोनच काय तो आधार. काय सांगायचं ते ठरलेलं हवं: ऑक्सिजन कालच्यापेक्षा वाढवला की कमी केला, पोटावर झोपवतात का, काही खाल्लं का, चष्मा आणि चार्जर पोचला का. 'वाचतील ना?' या प्रश्नाचं उत्तर विद्यार्थ्याने द्यायचं नाही. मृत्यूची बातमी तर कधीच नाही, मग रेसिडेंट कितीही दमलेला असो. 'तूच सांग ना जरा' असं कुणी म्हणालं, तर नाही म्हणायचा हक्क आधीच लेखी घेऊन ठेवावा. शिवाय घरचा एकच माणूस आणि एकच नंबर नक्की केलेला असावा. नाहीतर तिसऱ्या दिवशी पुतण्या, शेजारी आणि ऑफिसातले साहेब सगळेच तब्येत विचारू लागतात, आणि रुग्णाची माहिती नको तिथे पोचते. मनावर सर्वांत जास्त ताण याच कामाचा येतो. यादीतली नावं एकेक करून कमी होत जातात, आणि प्रत्येक वेळी ती डिस्चार्जनेच होतात असं नाही.

एकट्या राहणाऱ्या वृद्धांना गप्पांसाठी फोन करणं याला लोक हलकं काम समजतात. मला ते मान्य नाही. अमेरिकेत 240 जणांवर झालेल्या एका चाचणीत 17 ते 23 वयाच्या, मानसोपचाराचं शिक्षण नसलेल्या तरुणांनी 4 आठवडे फोन केले. त्यांचं मुख्य काम ऐकून घेणं. ज्यांना फोन गेले त्यांचा एकटेपणा, उदासी आणि चिंता, तिन्ही बाकीच्यांपेक्षा कमी झाली. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला आजच करता येईल असं हे काम आहे. सीनियर मात्र इथेही लागतोच. गप्पांच्या ओघात कुणी 'आता जगून काय करायचं' म्हणून जातं, कुणाच्या गोळ्या आठवड्यापूर्वी संपलेल्या असतात, तर कुणी घरातल्यांबद्दल बोलताना अचानक आवाज खाली आणतं. हे त्याच दिवशी कुणाला कळवायचं ते माहीत नसेल तर हे फोन सुरूच करू नयेत.

व्हिडिओ कॉलबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. डॉक्टर लाइनवर येण्याआधी औषधांची यादी घेणं, आजोबांना कॅमेरा चालू करून देणं, नंतर सल्ला समजला का ते त्यांच्याच शब्दांत वदवून घेणं. काम उपयोगी आणि सुरक्षित, कारण डॉक्टर तिथेच असतात. चॅटवर उत्तरं देणं मी तरी टाळेन. तिथे श्वास ऐकू येत नाही.

मग कुणी काय घ्यावं?

पहिल्या-दुसऱ्या वर्षात असाल तर गप्पांचे फोन किंवा व्हिडिओची मदत. वॉर्डात पोस्टिंग सुरू झालेली असेल, हिस्ट्री घेता येत असेल, तर डोळे मिटून फॉलोअप. फायनल इयरला नातेवाईकांचं काम घ्यायला हरकत नाही, पण त्या वॉर्डाचा रेसिडेंट रोज राउंडनंतर दहा मिनिटं देणार असेल तरच. हेल्पलाइन घ्यायचीच असेल तर डॉक्टर त्याच खोलीत किंवा त्याच लाइनवर हवा. 'ग्रुपवर टाका, कुणीतरी बघेल' अशी व्यवस्था असेल तर सरळ नकार द्या.

होकार देण्याआधी आणखी दोन गोष्टी विचारून घ्या. पहिली, फोन कुठल्या नंबरवरून जाणार? स्वतःचा नंबर एकदा गेला की साथ ओसरल्यावरही रात्री दोनला तो वाजतो. दुसरी, तुमची परीक्षा लागली किंवा तुम्हीच आजारी पडलात तर यादी कोण घेणार? त्या माणसाचं नाव आजच लिहून घ्या, आणि तुमचा शेवटचा फोन झाला की पुढचा फोन कुणाचा येईल ते रुग्णालाही सांगा.