साखर काठावर, वजन घटलेलं: शिकरण, गेनर पावडर की दाणे-पनीर?

समजा, वडिलांचं वय 68, वजन 50 किलो, घर शाकाहारी आणि रिपोर्टमध्ये एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी, 6.2 टक्के. मधुमेह 6.5 पासून धरतात, 5.7 ते 6.4 हा काठ. मग घरात एकाच दिवशी दोन फर्मानं निघतात: गोड बंद, आणि बाबांना चांगलं खाऊ घाला.

वजन आपोआप घटलं असेल, म्हणजे 6 ते 12 महिन्यांत अडीच किलो किंवा जास्त, तर आधी डॉक्टर. थायरॉईड, टीबी, नाहीतर नुसती सैल झालेली कवळी, काहीही निघू शकतं. हिमोग्लोबिनही बघा. लोह किंवा बी-12 कमी असलं की एचबीएवनसी उगाच वाढलेला दिसू शकतो. त्यामुळे उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी अशी साखर वेगळी तपासा.

आता तीन वाटा. शिकरण सगळ्यांच्या आवडीचं, चावायचा त्रास नाही. पण एक केळं, वाटीभर दूध, दोन चमचे साखर मिळून साधारण 270 कॅलरी, त्यात कर्बोदकं 40 ग्रॅमच्या वर आणि प्रथिनं जेमतेम 7-8. साखरेऐवजी गूळ घातला तरी रक्ताला फरक कळत नाही. डिंकाच्या लाडवाचंही तेच, तूप-खोबरं कितीही चांगलं असलं तरी.

गेनर, म्हणजे वजन वाढवायच्या, पावडरच्या डब्यावर पुढे काय छापलंय ते सोडा, मागची घटकांची यादी वाचा. जो घटक जास्त, तो आधी लिहिलेला असतो. तिथे वरच माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेलं झटपट पचणारं कर्बोदक, दिसलं तर डबा परत ठेवा. ‘साखर घातलेली नाही’ हे खरं असूनही ते रक्तातली साखर झपाट्याने चढवतं.

काठावरच्या साखरेला आमचं मत दाणे-पनीरला. दिवसभरात 30 ग्रॅम भाजलेले शेंगदाणे, 50 ग्रॅम पनीर आणि दोन चमचे तूप: सुमारे 400 कॅलरी, 16-17 ग्रॅम प्रथिनं, कर्बोदकं मात्र दहाच्या आत. फसतं ते वेळेवरून. चार वाजता मूठभर दाणे खाल्ले की रात्रीची भाकरी अर्धी राहते, आणि हिशेब होता तिथेच. म्हणून कूट कोशिंबिरीत, पनीर कुस्करून पोळीच्या सारणात, तूप आमटीवर. खवट किंवा बुरशी आलेले दाणे भाजूनही वापरू नका.

महिन्याला एक-दीड किलो वाढ पुष्कळ झाली. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, दिवसातून दोनदा, हेही जोडीला हवंच. नाहीतर वाढलेलं वजन पोटावर बसतं. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेलं असेल तर मात्र पनीर-दाण्यांचं प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या, घरच्या अंदाजाने नको.